दोन भाषांच्या सीमेवरील दोष

एकाच आज्ञावलीत पायथन व सी या दोन भाषा नांदू लागल्या, म्हणजे दोषशोधनाची साधनेही दोन होतात. पायथनच्या डीबगरला सीचे अंतरंग दिसत नाही. सीच्या डीबगरला पायथनची ओळ सहसा उमगत नाही. या उणिवेवर दोन उपाय प्रचलित आहेत. पायथन ३.३ बरोबर २०१२ साली आलेले 'फॉल्टहँडलर' सुरू ठेवल्यास आज्ञावली कोसळताना पायथनची चालू ओळ कळते. 'जीडीबी'मधील 'पाय-बीटी' ही आज्ञा पायथनमधील फंक्शनांची साखळी सीच्या डीबगरातच दाखविते. ही साधने उपयुक्त आहेत, यात शंका नाही. तथापि दोहोंचा रोख आज्ञावली जेथे थांबते त्या स्थळावर आहे. दोष तेथेच असेल असे मात्र नाही.

'सीटाइप्स'चे उदाहरण घ्यावे. सीमधील फंक्शन कोणत्या प्रकारचे मूल्य परत करते हे न सांगितल्यास सीटाइप्स ते पूर्णांक मानते. मूल्य दशांश संख्या असल्यास हाती भलताच पूर्णांक येतो आणि आज्ञावली निर्वेध चालू राहते. ६४ बिटांचा पॉइंटर असल्यास त्याचे वरचे ३२ बिट गळतात आणि आज्ञावली पुढे कोठेतरी कोसळते. पहिल्या प्रसंगी उपरोक्त साधने मूक राहतात. दुसऱ्या प्रसंगी ती स्थळ दाखवितात, कारण नव्हे.

सारांश, हा दोष कोणत्याही एका भाषेचा नसून दोहोंमधील कराराचा आहे. 'आर्गटाइप्स' व 'रेसटाइप' यांनी तो करार प्रथम लिहून काढावा. डीबगर त्यानंतर उघडावा. कारण प्रबंधाच्या कोष्टकात एकदा शिरलेली चुकीची संख्या कोणताही डीबगर शोधून देत नाही.