लीचचे वेळापत्रक : कागदावर आणि पुलावर

वायरलेस सेन्सर नेटवर्कच्या अभ्यासात ‘लीच’ हा प्रोटोकॉल तुम्हांला लवकरच भेटतो. वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी तो २००० साली मांडला. नोडचे गट करायचे. गटप्रमुखाने टीडीएमए पद्धतीने प्रत्येक नोडला माहिती पाठवण्याचा स्लॉट द्यायचा. इतर वेळी नोडने रेडिओ बंद ठेवायचा. प्रमुखपद फिरते राहते, म्हणून एकाच नोडची बॅटरी आधी संपत नाही. भार वाटून घेण्याची ही दृष्टी लीचचे खरे योगदान आहे.

परीक्षेत आपण एवढे लिहून थांबतो. हे वेळापत्रक कशाच्या आधारावर उभे आहे, ते मात्र तपासत नाही.

पहिले गृहीतक असे की प्रत्येक नोडकडे पाठवण्यासारखी माहिती सतत असते. दुसरे ऊर्जेचे. तेथे खर्च बिटागणिक मोजला आहे; काहीही येत नसताना नुसते ऐकत राहण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. प्रत्यक्षात सीसी२४२० ही रेडिओ चिप ऐकताना १८.८ मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि पूर्ण शक्तीने पाठवताना १७.४. म्हणजे ऐकणे पाठवण्याहून महाग!

तिसरी बाब घड्याळाची. स्फटिकात दहा लाखांत ४० इतकी चूक असेल, तर तासाभरात घड्याळ १४४ मिलिसेकंद सरकते. १२७ बाइटचे पॅकेट २५० किलोबिट प्रतिसेकंद वेगाने पाठवायला सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे १०० सेकंदांतच नोड एक पूर्ण पॅकेटभर चुकतो. घड्याळे पुन्हा पुन्हा जुळवण्याचा खर्च वेळापत्रकाच्याच खात्यावर मांडायला हवा.

याच्या शेजारी आयआयटी मुंबईच्या कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि सहकाऱ्यांचे २००८ मधील ‘ब्रायमॉन’ ठेवून पाहा. रेल्वे पुलाची कंपने मोजणे हे त्याचे काम. भिलाईचे रूळ ज्या पुलांवर टाकलेले असतात, तशाच पुलांचा हा प्रश्न. कंपने गाडी आली तरच मोजायची, म्हणून एरवी नोड बहुतेक काळ झोपलेले असतात. गाडीची चाहूल लागली की जागे होतात, आणि जमलेली माहिती पुलावरून जाणाऱ्या गाडीलाच देतात. पुलाच्या गाळ्यांना वेगवेगळे चॅनेल दिले, की एका गाळ्याचे बोलणे दुसऱ्याच्या आड येत नाही. इथे वेळापत्रक कामातून निघाले आहे.

अर्थात ब्रायमॉनही सर्वत्र चालणार नाही. एका ओळीत, ठरलेल्या जागी बसवलेल्या नोडसाठी तो आहे. रानात विखुरलेल्या नोडला तो उपयोगी नाही. तरीही वेळापत्रक करण्यापूर्वी काय विचारावे, हे तो लीचपेक्षा चांगले शिकवतो.

पुढच्या वेळी एखादा प्रोटोकॉल वाचाल तेव्हा आलेखाआधी तीन गोष्टी शोधा: माहिती केव्हा तयार होते, रेडिओ किती वेळ नुसता ऐकतो आणि घड्याळे कोण जुळवतो. उत्तरे सापडली नाहीत, तर त्या आलेखावर फार विसंबू नका.