विहारात गाभारा नको

रेणापूरला रेणुकेचं देऊळ आहे, साऱ्यांना ठाऊक. देवळाला गाभारा असतो, अन् आपल्या बापजाद्यांना देवळाची पायरीसुद्धा वर्ज्य होती. विहारात बुद्ध अन् बाबासाहेब सभागृहातच असतात, माणसांपुढं. हा फरक मोठा आहे.

अजिंठ्याचं 9 आणि 10 नंबरचं लेणं बघा. इसवी सनाआधीची ही चैत्यगृहं. आत नुसता स्तूप. 19 आणि 26 मध्ये, पाचव्या शतकात, स्तूपावर बुद्ध कोरला गेला. म्हणजे धम्म आधी, मूर्ती मागून.

बाबासाहेबांना मूर्तीचं वावडं नव्हतं. 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनीच बसवली. पण बुद्ध विष्णूचा अवतार नव्हे, हे 1956 च्या 22 प्रतिज्ञांत बजावलंही.

पाळी सुटल्यावर मी एका विहारात जातो. तिथं मूर्ती काचेत, काचेला कुलूप. हार रोज, पुस्तकाचं कपाट नाहीच. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात ग्रंथ, अन् समोरच्या पोरांच्या हातात फक्त उदबत्ती! हा गाभाराच झाला की.

कुलूप काढा. मूर्तीपुढं सतरंजी अंथरा, वाचायला बसा.