भोंडल्याचे रिंगण आणि क्रियापदाचे लिंग

भोंडला, हादगा, भुलाबाई ही नावे प्रदेशपरत्वे बदलतात. पाटावर रेखाटलेल्या हत्तीच्या जागी विदर्भ-खानदेशात भुलोजी व भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती येतात. रिंगण मात्र मुलींचे, हा समज सर्वत्र सारखाच. आता हा खेळ महाविद्यालयांतून व गृहसंकुलांतून मांडला जातो, तेव्हा तो मुलींपुरताच का असावा, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न रास्त आहे. त्याला दिली जाणारी उत्तरे बहुधा उतावीळ असतात.

एका निमंत्रणपत्रिकेवर ‘मुलींचा भोंडला’ हे शब्द बदलून ‘मुलांचा भोंडला’ असे केलेले गेल्या आश्विनात पाहण्यात आले. हेतू उदार, यात शंका नाही. परंतु मराठीत ‘मुले’ हा शब्द दुहेरी आहे. ‘मूल’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन म्हणून तो सर्वांना सामावून घेतो. ‘मुले व मुली’ असे म्हणताच तो मुलग्यांपुरता उरतो. दार उघडण्याच्या भरात, घर ज्यांचे त्यांचेच नाव पाटीवरून पुसले गेले.

हे घर कसले, याचाही विचार व्हावयास हवा. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या स्त्रीगीतविषयक ग्रंथास ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांसाठी राखून ठेवलेले हे विशेषण येथे किती मार्मिक ठरते! माहेरी जाऊ इच्छिणाऱ्या सुनेला सासू कारल्याचे बी पेरावयास सांगते. मग वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, अशा अटी लांबतच जातात. हे गाऱ्हाणे सासरच्या पुरुषांच्या कानांआड मांडण्याची जागा म्हणजे हे रिंगण. ते खुले करताना गाऱ्हाणेच विरून जाऊ नये, एवढी चिंता बाळगणाऱ्यांस संकुचित म्हणता येणार नाही.

परंतु त्यावरून मुलग्याने बाहेरच उभे राहावे, असे सिद्ध होत नाही. येथे व्याकरण साह्यास येते. कन्नडात प्रथमपुरुषी क्रियापद लिंग दाखवीत नाही. मराठीत एकवचनी ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा भेद अटळ असतो. अनेकवचनी ‘आम्ही जातो’ म्हणताच तो लोपतो. म्हणून कोणी सुचवितात की, सगळी गाणी ‘आम्ही’वर आणावीत. प्रस्तुत लेखिकेस हे मुळीच मान्य नाही. माहेरची वाट मागणारी सून एकटी असते; तिला अनेकवचनात घातले की तिचे एकटेपण संपते, आणि गाणेही.

वस्तुतः या गीतांत सासरा, दीर, नवरा यांची बोलणी मुलीच उच्चारीत आल्या आहेत. उलट बाजूने, ज्ञानदेवांच्या नावावरील विरहिणी आणि एकनाथांच्या गौळणी पुरुष वारकरी स्त्रीलिंगी क्रियापदांसह निःसंकोच गातात. त्यांना कोणी हसत नाही. मग ‘जाते’ म्हणावयास तयार असलेल्या मुलग्यास रिंगणात हात का देऊ नये? परीक्षक, छायाचित्रकार किंवा प्रमुख पाहुणा म्हणून पुरुषास आणून बसविण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात मात्र समावेशकता नसून जुनीच उतरंड आहे. जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःस मुलगी मानणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तर वाद उद्भवूच नये. स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला आहे. आणि गाण्यातील क्रियापद पहिल्यापासून तिचेच आहे.

आमच्या विभागाच्या अंगणात एका विद्यार्थ्याने बिचकत विचारले, “बाई, मी ‘जातो’ म्हणू का?” गाण्यात आहे तेच म्हण, असे त्यास सांगितले. पहिल्या गाण्यास तो अडखळला. तिसऱ्या गाण्यापर्यंत सासूचा आवाज काढण्यात सर्वांत पुढे तोच होता, आणि खिरापत ओळखण्यात सर्वांत मागे.