‘एकच प्याला’ आणि तळीरामाची वकिली

नाट्यकृतीवरून सर्जनशील अथवा मन वळविणारे लेखन करवून घ्यावयाचे झाले, की ‘एकच प्याला’चे नाव सहज पुढे येते आणि त्यापाठोपाठ ‘सिंधूचे पत्र’ हा विषयही जणू ठरून जातो. ही निवड तपासून पाहण्याजोगी आहे. सिंधूचे दुःख नाटकात इतके पूर्णत्वाने व्यक्त झाले आहे, की तिच्या नावे लिहिणाऱ्याच्या हाती पुनरुक्तीच उरते. लेखकाची खरी परीक्षा तळीरामाच्या बाजूने लिहिण्यात आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील अभ्यासकास या प्रश्नाचा एक धागा घराजवळच सापडतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी जळगाव जामोद येथे वकिली केली, आणि राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. मद्यपाननिषेधाचा विषय कोल्हटकरांनी ‘मूकनायका’त आधीच हाताळला होता, शिष्याने तो शोकान्तापर्यंत नेला. म्हणजे ‘एकच प्याला’ हेही एका अर्थी पूर्वसूरीच्या कृतीतून उमललेले लेखन होय. (गुरू वकील आणि नाटकाचा नायकही वकील, यावरून चरित्र शोधण्याचा मोह मात्र आवरावा.) 1919 च्या जानेवारीत गडकरी सावनेर येथे निवर्तले, त्यानंतर त्याच वर्षी नाटक रंगभूमीवर आले.

तळीरामाच्या युक्तिवादाचे सारे बळ शीर्षकातील ‘च’ या अव्ययात साठले आहे. सनदेच्या प्रकरणाने अपमानित झालेल्या सुधाकरापुढे प्याला येतो, तेव्हा ‘एकच’ म्हणजे ‘एकाहून अधिक नाही’. येथे ‘च’ मर्यादा दाखवितो, आश्वासन देतो. नाटक संपते तेव्हा तोच शब्द ‘एवढा एक पुरेसा झाला’ असा अर्थ धारण करतो. रूपात अणुमात्र फरक नाही. मात्र आश्वासनाचा निवाडा झालेला असतो. मराठी अव्ययांचे सामर्थ्य शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नव्हे. गावातील 25 टक्के स्त्री-मतदारांनी सह्यांनिशी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. विद्यार्थ्यांच्या आया-बहिणी जेथे अशा अर्जांवर सह्या करतात, तेथे दारूची वकिली लिहावयास सांगणे कितपत उचित? परंतु असा अर्ज लिहिणारास उत्तर द्यावयाचे असते ते तळीरामालाच. ‘एकच’ म्हणणारा दारू वाईट असल्याचे नाकारीत नाही, तो केवळ प्रमाण कमी करून दाखवितो. म्हणून ‘दारू वाईट आहे’ एवढेच सांगणारा अर्ज त्याच्या युक्तिवादाला स्पर्शही करीत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्या कौशल्याने मांडून पाहिल्यावाचून ही उणीव लिहिणाराच्या ध्यानात येणे अवघड आहे.

गडकऱ्यांनाही या अडचणीची जाणीव असावी. रामलालाचा उपदेश सर्वस्वी योग्य असूनही निष्प्रभ वाटतो. तोच विषय व्यसनाच्या अवस्था सांगणाऱ्या सुधाकराच्या तोंडी आला की अंगावर येतो, कारण तेथे वक्ता स्वतःच आरोपी आहे. त्यामुळे तळीरामाचे भाषण लिहून झाल्यावर त्याचे उत्तर सुधाकराच्या मुखाने लिहवून घ्यावे, रामलालाच्या नव्हे. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशात सभासंस्थांच्या भाषेचे जे विडंबन आहे, तेही आजच्या ठरावांच्या व इतिवृत्तांच्या भाषेत उतरवून पाहता येईल. पण तो सराव सोपा असल्याने मागाहून दिला तरी चालेल.

धोका आहे तो निराळाच. गडकऱ्यांच्या अनुकरणात कोट्या आणि अलंकार आधी उचलले जातात व युक्तिवाद मागे राहतो. पहिल्या खर्ड्यातील सर्व उपमा खोडावयास लावाव्यात आणि उरलेल्या वाक्यांनी कोणाचे मन वळते का, हे वर्गात मोठ्याने वाचून पाहावे.