‘औषध’ आणि ‘नाशक’ : एका परिभाषेची चिकित्सा

देऊळगाव राजाच्या परिसरात कपाशीवर ‘औषध मारणे’ हा नित्याचा वाक्प्रयोग आहे. बोंडअळीवर मारावयाचे ते औषध, तणावर मारावयाचे ते औषध आणि तापात घ्यावयाचे तेही औषधच. छापील मराठीत त्याऐवजी ‘कीटकनाशक’ व ‘तणनाशक’ हे शब्द योजिले जातात आणि ते अधिक शास्त्रशुद्ध मानले जातात. हे मत तपासून पाहावयास हवे.

दोन्ही शब्द तत्पुरुष समास आहेत. त्यांचे पूर्वपद नाश कोणाचा हे सांगते आणि इतरांचा नव्हे, असेही सुचविते. पेशीच्या पातळीवर ही मर्यादा टिकत नाही. मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त द्रव्ये ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. हे विकर किड्याच्या मज्जासंस्थेत आहे, तसेच फवारणाऱ्या मजुराच्याही. ते थांबले की मज्जातंतूंच्या संधिस्थानी ॲसिटिलकोलीन साचते आणि अखेर श्वास कोंडतो. पॅराक्वाटचे उदाहरण याहून बोलके आहे. ते वनस्पतीच्या हरितलवकातून इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देते. मनुष्यास हरितलवक नाही. परंतु त्याच्या फुप्फुसाच्या पेशींत इलेक्ट्रॉन पुरविणारी अन्य विकरे आहेत. तेथेही तेच चक्र चालते आणि निर्माण झालेला सुपरऑक्साइड पेशीपटलाचा नाश घडवितो.

उलटपक्षी ‘औषध’ हा लोकप्रयोग अडाणीपणाचा नव्हे. पिकावर ‘रोग पडतो’, म्हणून त्यास औषध. हे रूपक सुसंगत आहे. शिवाय औषध व विष यांतील सीमा मात्रेची असते, हे त्यात अभावितपणे आले आहे. पॅरासिटामॉल अतिमात्रेत घेतल्यास यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि त्यापासून बनलेले क्रियाशील द्रव्य पेशींतील प्रथिनांना चिकटून त्या पेशी मारते. तथापि औषध म्हटले की हिताची भावना येते आणि हातावर सांडलेल्या द्रावाचे भय उरत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्वचा आणि श्वास याच विषाच्या वाटा होत्या.

डब्यावरील लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंगही अपुरे आहेत. ते मुख्यतः तात्काळ मारक मात्रेवरून ठरतात. पॅराक्वाट पिवळ्या वर्गात मोडते, पण फुप्फुसाची हानी दिवसेंदिवस वाढत जाते, हे तो रंग सांगत नाही.

म्हणून ‘औषध’ हटवून ‘नाशक’ आणल्याने परिभाषेचे कार्य संपत नाही. द्रव्य शरीरात कोठून शिरते आणि तेथे काय बिघडविते, हे वेष्टनावर सोप्या मराठी क्रियापदांनी सांगितले पाहिजे. त्यावाचून दोन्ही शब्द सारखेच अपुरे ठरतील.