'सर, जॉनरच तसा आहे': विद्यार्थ्यांचे म्युझिक व्हिडिओ आणि संकेतांचा प्रश्न

आजचा विषय वाचून आमच्या घरातूनच पहिली शंका आली. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही आणि म्युझिक व्हिडिओ?" तिचं चुकलं नाही. मी ३४ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. गाणी ऐकली ती रेडिओवर, आणि तीही जेवताना. पण निवृत्तीनंतर एका महाविद्यालयाच्या जनसंज्ञापन विभागानं मला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावलं. तिथं माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक काय होती ते कळायला मला या विषयात शिरावं लागलं. म्हणून हे व्याख्यान.

काम असं होतं. पाच-पाच जणांच्या गटानं एका पॉप गाण्याचा व्हिडिओ करायचा आणि सोबत टिपण द्यायचं की, आम्ही या प्रकाराचे कोणते संकेत वापरले. एकूण गुण २५, त्यातले १० 'संकेतांचा वापर' या सदराला. इंग्लंडमध्ये मीडिया स्टडीजच्या वर्गांत असं प्रात्यक्षिक बरीच वर्षं चालत आलंय. तिथं अँड्र्यू गुडविन यांच्या 'डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी' या १९९२ च्या पुस्तकातून मुद्दे काढून मुलांना देतात. प्रत्येक संगीतप्रकाराची आपली दृश्यं असतात. शब्द आणि चित्र यांचं नातं असतं. गायकाचे क्लोज-अप कंपनीला हवेच असतात. कुणीतरी कुणाकडे तरी बघत असतं, वगैरे. पुस्तक गंभीर आहे. पण मुद्द्यांची यादी झाली की तिचं वाणसामानाच्या चिठ्ठीसारखं होतं. हे घेतलं, ते घेतलं, टिक केली.

मी पाहिलेला एक व्हिडिओ चार मिनिटांचा होता. कॉलेजचं गेट, मोटरसायकलवर मुलगा, समोरून मुलगी. तो गाणं म्हणत तिच्या मागं बसस्टँडपर्यंत जातो, मग बाजारात, मग तिच्या गल्लीत. ती रागावून बघते, पाय उचलते. मध्ये ड्रोननं घाट दाखवलाय, कारण ड्रोन मिळाला होता! शेवटच्या धृपदाला ती वळते आणि हसते. संपलं. मी विचारलं, "ती हसते का?" दिग्दर्शक म्हणाला, "सर, जॉनरच तसा आहे. लव्ह साँग आहे." ती भूमिका केलेली मुलगी तिथंच बसली होती, गटाची संकलकही तीच. ती हळूच म्हणाली, "सर, त्या हसण्याला नऊ टेक लागले." सगळे हसले. मीही हसलो आणि २५ पैकी २१ गुण दिले. संकेत तर सगळे होते ना!

घरी येताना ते 'नऊ टेक' डोक्यातून जाईनात.

आता थोडं माझ्या घरचं सांगतो. 'संकेत' हा शब्द आपल्याकडे फार जुन्या वादातला आहे. 'गाय' या शब्दाचा आणि त्या प्राण्याचा संबंध कुठून आला? जैमिनींचे मीमांसक म्हणतात, तो संबंध उपजतच आहे, कुणी केलेला नाही. नैयायिक म्हणतात, नाही, तो संकेतानं आला. कुणीतरी ठरवलं म्हणून आला. वाद वेदांच्या प्रामाण्याचा होता, तो बाजूला ठेवू. पण "जॉनरच तसा आहे" म्हणणारा आमचा दिग्दर्शक पक्का मीमांसक होता, हे लक्षात घ्या. त्याच्या लेखी मुलगी शेवटी हसते हे गाईला शिंगं असावीत इतकं उपजत होतं. मी नैयायिकाच्या बाजूनं विचारायला हवं होतं: हे कुणी ठरवलं? केव्हा? कुठल्या अडचणीतून?

कारण संकेत बहुधा अडचणीतूनच येतो. क्वीन या बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ चं. जवळजवळ सहा मिनिटांचं, मधल्या भागात आवाजांवर आवाज चढवलेले. हे टीव्हीच्या स्टुडिओत उभं राहून करून दाखवणं अवघड, आणि बँडला दौऱ्यावर जायचं होतं. म्हणून ब्रूस गावर्स या दिग्दर्शकानं चार-एक तासांत चित्रीकरण उरकलं. काळ्या पार्श्वभूमीवर वरून उजेड पडलेले ते चार चेहरे आधीच्या वर्षी त्यांच्या एका तबकडीच्या वेष्टनावर होते, तेच हलते केले. नंतर कितीकांनी ती मांडणी उचलली. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तोवर अशा अडचणींच्या सवयी झाल्या होत्या, आणि सवयींचं व्याकरण व्हायला फार वेळ लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग संकेत मोडायला शिकवा. तेही मला पटत नाही. विद्यार्थ्याला 'काहीतरी वेगळं कर' म्हणणं हा आपला आळस आहे. संकेताशिवाय प्रेक्षकाशी बोलताच येत नाही. तमाशाच्या वगात राजा रंगमंचावर एक फेरी मारतो आणि शिकारीच्या रानात पोचतो. कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. संस्कृत नाटकात पात्र तीन बोटांची आडोशाची मुद्रा करून जनान्तिक बोलतं, आणि शेजारी उभ्या असलेल्याला ते ऐकू येत नाही असं आपण मानतो. भरतानं याला नाट्यधर्मी म्हटलं. तो प्रेक्षकाशी केलेला करार आहे. चार मिनिटांत गोष्ट सांगायची तर असे करार लागतातच. कॉलेजच्या गेटचा एक शॉट दाखवला की वय, गाव, ऋतू सगळं सांगून होतं. ते त्या मुलांनी छान वापरलं होतं, त्याचे गुण मी आजही देईन.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते पहिली गफलत तांत्रिक आहे, आणि नैतिक गफलत तिच्या पोटातून येते. आपल्याकडे १९३५ च्या 'धूप छाँव'पासून पार्श्वगायन रुजलं. आवाज एकाचा, ओठ दुसऱ्याचे. आपण ते इतकं पचवलंय की त्यात काही विचित्र आहे हेच विसरलो. पॉपचा करार वेगळा: तिथं ज्याचा आवाज त्याचा चेहरा. म्हणून तर क्लोज-अपला किंमत. शिनेड ओ'कॉनरचा 'नथिंग कम्पेअर्स टू यू'चा १९९० चा व्हिडिओ बघा. मधे पॅरिसच्या बागेतलं चालणं सोडलं तर नुसता चेहरा. गाण्याच्या शेवटाकडे डोळ्यांतून पाणी येतं. ते ठरवलेलं नव्हतं असं तिनं पुढं सांगितलं. गाणं मुळात प्रिन्सचं, पण तो चेहरा बघताना ते दुसऱ्या कुणाचं आहे हे आठवतही नाही. कंपनीला हवा असलेला क्लोज-अपचा संकेत इथं मोडलेला नाही, शेवटापर्यंत पाळलाय.

आमच्या मुलांच्या व्हिडिओत गायलेला मित्र कुठंच दिसत नाही. मोटरसायकलवाला ओठ हलवतो. म्हणजे टिपणात 'पॉप' लिहून त्यांनी सिनेमाचं गाणं केलं होतं. आणि सिनेमाचं गाणं एकटं येत नाही. ते आपल्याबरोबर नायक आणतं, नायकाबरोबर पाठलाग आणतं, आणि पाठलागाबरोबर ते शेवटचं हसू. त्यांनी ओठ उसने घेतले आणि बाकीचं सामान न विचारता घरात आलं.

आपल्याच पॉपमध्ये दुसरा नमुना होता की! १९९५ चं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. गाणारीच पडद्यावर, आणि थाट स्वयंवराचा. पुरुष येतात, ती बघते, ती निवडते. मिलिंद सोमण तर चक्क पेटीतून बाहेर येतो. आता ते थोडं हास्यास्पद वाटतं, मान्य. राजवाडा, हत्ती, सगळा पर्यटनखात्याचा थाट. पण बघण्याचा हक्क आवाजाच्या मालकिणीकडे आहे, आणि तो संकेतांच्या आत राहूनच मिळवलाय. स्वयंवर हा काही नवा संकेत नव्हे.

पंधरा दिवसांनी मी विभागात फोन केला आणि त्या गटाशी पुन्हा बोलायची परवानगी मागितली. गुण बदलायचे नव्हते, ते बदलताही येत नव्हते. मी त्यांना एवढंच विचारलं की, नऊ टेक का लागले? दिग्दर्शक म्हणाला, "तिला नीट हसता येत नव्हतं." ती म्हणाली, "मला हसू येत नव्हतं." या दोन वाक्यांमधलं अंतर मी वर्गात तासभर शिकवलं असतं, तरी इतकं स्वच्छ दिसलं नसतं. तो पोरगा वाईट नव्हता हो. पाठलाग त्यानं प्रत्यक्षात कुणाचा केला नसेल. फक्त समोर बसलेल्या मैत्रिणीच्या चेहऱ्यापेक्षा त्याला जॉनर जास्त खरा वाटत होता. आणि परीक्षक म्हणून मलाही. माझी चूक ती.

पुढचं काम त्या मुलीनं केलं, मी काही सुचवलं नव्हतं. टाकून दिलेले आठ टेक तिनं संगणकावरून शोधून काढले. धृपद परत परत येतं तेव्हा चित्रही परत आणायचं, हा पॉप व्हिडिओचा अगदी साधा संकेत. तिनं तो पाळला. शेवटच्या धृपदात प्रत्येक ओळीला ती वळते आणि हसत नाही. पुन्हा वळते, हसत नाही. आठ वेळा. एका टेकमध्ये तर ती कॅमेऱ्याच्या बाजूला बघते, बहुधा दिग्दर्शकाकडे, "पुरे का?" अशा नजरेनं. वर गाणं तसंच आनंदात चाललेलं. शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरं, यालाही गुडविनच्या मांडणीत जागा आहेच. पण तिनं ते त्या यादीसाठी केलं नव्हतं. नववा टेक, हसण्याचा, तिनं काढून टाकला. ड्रोनचा घाट मात्र ठेवला. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "सर, त्याचे पैसे दिलेत."

त्या दिवशी दिग्दर्शक जरा गप्प होता. त्यानं तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि श्रेयनामावलीत तिचं नाव स्वतःच्या शेजारी आणलं.

नवा व्हिडिओ निर्दोष नाही. चित्रीकरणाच्या वेळी गाणं मोबाइलच्या स्पीकरवर लावलं होतं, रहदारीत ते मोटरसायकलवाल्याला नीट ऐकू गेलं नसावं. त्यामुळं दुसऱ्या अंतऱ्यात ओठ आणि आवाज जुळत नाहीत. ते मी त्यांना तेव्हाच सांगितलं. पुढच्या वेळी मोठा स्पीकर न्या म्हटलं, आणि जमलं तर गाणाऱ्यालाच उभा करा.