'डाग' आणि 'दागिना' : जतनाच्या परिभाषेची चिकित्सा

धातूंच्या ऱ्हासाविषयीच्या मराठी शास्त्रीय लेखनात 'गंजणे', 'क्षरण' व 'संक्षारण' हे शब्द बहुधा एकाच अर्थाने योजलेले आढळतात. लोखंडापुरते पाहता यात फारसे बिघडत नाही. सोन्याचांदीच्या जुन्या अलंकारांना मात्र हे शब्द सरसकट लावले म्हणजे विचारात घोटाळा होतो आणि त्याचा भुर्दंड अखेर अलंकारांवर पडतो.

वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या गावची व्यवहारभाषा या बाबतीत अधिक नेमकी ठरते. लोखंड 'गंजते', कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक 'कळकते', चांदी मात्र 'काळी पडते'. हे तीन व्यापार रसायनदृष्ट्याही भिन्नच होत. गंजाचे पापुद्रे सुटून खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते; ताकातील आम्लात तांबे विरघळते; चांदीवरील काळा थर हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे बनतो व पृष्ठाला चिकटून राहतो. शुद्ध सोने हवेत विकार पावत नाही. विकार होतो तो त्यात मिसळलेल्या तांब्याला व चांदीला.

बोलीचा कस येथवर उतरतो. पुढे मात्र तीही फसवते. काळ्या पडलेल्या चांदीवर 'मळ चढला' असे म्हणून ती 'उजळून' घेतली जाते. मळ म्हणजे बाहेरून येऊन बसलेला पदार्थ. परंतु या काळ्या थराच्या वजनात सुमारे ८७ टक्के भाग चांदीचाच असतो. तेव्हा दर दिवाळीस राखेने घासून काढला जातो तो मळ नव्हे, तर दागिनाच. नक्षी बोथट होते, ठसा पुसट होतो. सोन्याला मीठ, सोरा व तुरटी यांच्या योगाने रंग आणण्याच्या जुन्या रीतीत पृष्ठावरील हीण जाते, तद्वत थोडे सोनेही विरघळते. लाख भरलेल्या पाटल्या तापवल्या तर आतील आधारच वितळतो.

हानी केवळ वजनाची नाही. १८३५ पासूनच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले. खेड्यांतील तोडे-वाळे पुष्कळदा असे रुपये आटवून घडवले जात. म्हणून धातूचे प्रमाण हा दागिन्याच्या काळाचा एक पुरावा होय. वरचे हीण काढून टाकलेल्या दागिन्याची क्ष-किरणांनी वरवर परीक्षा केली, तर तो खोटी साक्ष देऊ शकतो.

यावर असा आक्षेप येईल की, दागिना अंगावर घालण्यासाठी असतो, कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. आक्षेप रास्त आहे. तसेच, प्रत्येक थर राखावा असेही नाही. जमिनीत पुरलेल्या अलंकारांवरील क्षारयुक्त हिरवा थर धातू पोखरत राहतो. त्यावर उपाय अवश्य करावा लागतो. कोणता थर राखावयाचा व कोणता काढावयाचा, हा विवेकच जतनाचा गाभा होय. आणि एकच शब्द सर्वत्र वापरल्याने तोच विवेक हरपतो.

'डाग' या शब्दाकडे पाहावे. 'डागडागिने' या जोडशब्दात त्याचा अर्थ अलंकार, कपड्यावर तो कलंक, सोनाराच्या हाती तो सांधा. सांध्याचा धातू लवकर वितळावा म्हणून त्यात हीण अधिक घालतात. साहजिकच विकाराची सुरुवात अनेकदा तेथूनच होते. म्हणजे दागिन्यावरील डाग त्याच्या घडणीची वाट दाखवतो.

यास्तव चांदीसाठी 'काळवंडणे', तांब्याच्या हिरव्या विकारासाठी 'कळकणे' व धातू पोखरणाऱ्या क्रियेसाठीच 'संक्षारण' अशी वाटणी परिभाषेत व्हावी. 'उजळणे' व 'जतन करणे' हे पर्याय मानले जाऊ नयेत. कोरडी जागा, मऊ सुती वेष्टन आणि लोकर व रबर यांपासून अंतर, एवढ्याने चांदीचे बरेचसे जतन साधते. 'मळ' हा शब्द सुटल्याखेरीज मात्र घासणारा हात थांबणार नाही.